सेलूची फेरी आणि लाल तेलाची काडी

माझी धाकटी बहीण रुक्मिण चुडाव्याला असते. परभणीच्या पलीकडचं तिनं अजून काही पाहिलेलं नाही. मी गेले की दर वेळी विचारते, "अक्का, त्या गाडीत बसून तुमी नेमकं करता काय?" मला तोंडानं नीट सांगता येत नाही. दोन वाक्यं झाली की मी गप्प होते आणि तीच उरलेलं आपल्या मनानं रचते. म्हणून या वेळची फेरी लिहून काढते आहे. चौथीपर्यंत शिकलेली आहे, तेवढ्यात जमेल तसं. तिला वाचायला द्यायचं की नाही, ते नंतर बघू.

परभणी, सोमवार

आधी गाडीचं सांगायला हवं. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्याला ती परदेशातल्या कुणा धर्मादाय मंडळींनी दिली. आली तेव्हाच जुनी होती. रंग दुधाळ, आत दोन्ही बाजूंना बाकं, स्टेअरिंग डाव्या हाताला. क्लच नाहीच. स्टेअरिंगच्या मानेवर एक दांडी आहे, ती खाली ओढायची आणि पाय दाबायचा. पुढचे गियर गाडी आपले आपणच बदलते. आमचे ड्रायव्हर इस्माईलभाई वीस वर्षं ट्रकवर होते. ते गाडीला मेमसाब म्हणतात. "हिला शिकवायचं न्हाई. ही आपल्या मनानं चालती. फकस्त बसायचं."

मी दवाखान्यात आयाचं काम करते. घरधनी वारल्यापासून इथंच आहे. शिबिराच्या फेरीत मी इस्माईलभाईंच्या उजव्या हाताला बसते, म्हणजे आपल्याकडं जिथं ड्रायव्हर असतो तिथं. समोरून काही येतंय का, ते मलाच आधी दिसतं. पुढची बैलगाडी ओलांडायची असली की ते माझ्याकडं बघतात. रस्ता मोकळा असला तर मी बोट पुढं करते, नसला तर तळहात दाखवते. तीन वर्षं आमचं असंच चाललं होतं. बोलायची गरज पडली नव्हती.

सोमवारी पहाटे मी नेहमीप्रमाणं अंगण झाडलं. गाडीच्या पुढच्या भागाखाली रुपयाएवढा लाल डाग होता. गेले पंधरा दिवस रोज असायचा. इस्माईलभाईंना पानाची सवय आहे. ते दवाखान्याच्या अंगणात, तेही गाडीपाशीच, पिचकारी मारतात याचा मला राग यायचा. पण मोठ्या माणसाला तोंडावर कसं सांगायचं? मी त्यावर राख टाकायची आणि खराट्यानं ओढून घ्यायची. त्या दिवशीही तेच केलं.

मग इस्माईलभाई आले. बॉनेट उघडून त्यांनी दोन्ही काड्या तपासल्या. एक काडी इंजनाच्या तेलाची, दुसरी गियरच्या तेलाची. ट्रकवरचा त्यांचा नेम आहे: चावी लावायच्या आधी, इंजन थंडगार असताना, बिस्मिल्ला म्हणून काडी ओढायची, फडक्यानं पुसायची, परत घालायची, परत ओढायची, मग तेल कुठवर आलंय ते बघायचं. "दोन्ही फुल्ल," ते म्हणाले. डॉक्टरबाई मागं बसल्या आणि आम्ही निघालो.

मानवत

मानवतपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं आणि त्यात फुटलेला कापूस. मधूनमधून करडईचे पट्टे, पिवळे आणि काटेरी. चुडाव्याकडं आमच्या रानात ज्वारी जास्त, त्यामुळं एवढा पांढरा कापूस एका वेळी बघितला की डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. डॉक्टरबाई म्हणाल्या, मोतीबिंदूवाल्याला असंच सगळीकडं दिसतं.

मानवतला बाजारपेठेच्या मागच्या शाळेत तपासणी झाली. मी माणसांना ओळीत बसवायची, डोळ्यांत थेंब घालायची, "मान वर" एवढंच म्हणायची. दुपारी एका आडत्याच्या घरून भाकरी, तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणि कारळाची चटणी आली. त्या आमटीत गूळ होता. आमच्या आईनं असली आमटी गुरांपुढं ठेवली असती, पण मी दोनदा वाढून घेतली.

इथं निवडलेली माणसं दुसऱ्या दिवशी आपापली एष्टीनं परभणीला जाणार होती. पुढच्या खेड्यांतली, ज्यांना आणायला कुणी नव्हतं, ती आम्ही बुधवारी येताना घ्यायची होती. गुरुवारी औरंगाबादहून मोठे सर्जन येणार होते. ते वर्षातून एकदा येतात, एकच दिवस. बुधवारी सहाच्या आत जो वॉर्डात भरती होईल, त्याचंच ऑपरेशन. थेंब, एनिमा, रक्तदाब हे सगळं आदल्या संध्याकाळी करावं लागतं.

सेलू, मंगळवार

सेलूला जिनिंगच्या आवारातल्या एका शेडमध्ये आमची टेबलं लागली. हवेत कापसाचे तंतू उडत होते. डॉक्टरबाईंच्या केसांत, चहात, थेंबांच्या बाटलीच्या बुचावर सगळीकडं तंतू. सेलूच्या लोकांना त्याचं काही वाटत नाही. ते बोलता बोलता ओठावरचा तंतू काढतात आणि पुढं बोलतात.

तिथं तान्हाबाई भेटली. दुधनेच्या काठच्या एका खेड्यातून बैलगाडीत बसून आली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून पांढरा झालेला. बोटांच्या टोकांना भाजल्याचे डाग होते, कारण तवा कुठं आहे ते ती हातानंच बघायची. तिच्या मांडीवर तीन वर्षांची नात होती, चिमी. चिमीच्या पायात घुंगुरवाळे होते आणि ती जराही हलली की वाजायचे.

"पोराचं पोर हाय," तान्हाबाई डॉक्टरबाईंना सांगत होती. "पोरगा आन सून दिवाळी झाली की उसाला गेले, हिला माझ्यापशी टाकून. हे वाळे म्याच घातले. वाजलं की कळतं कुठं हाय. परवा वाजायचं थांबलं. म्या हाका मारल्या, मारल्या. शेजारीण वरडत आली, पोरगी आडाच्या काठावर गप बसलीया म्हणून." तिनं चिमीला आणखी जवळ ओढलं. "गेल्या साली ताप आला म्हणून तुमी मला माघारी लावलं. औंदा डोळा करा नायतर ही पोरगी कुणाच्या तरी दारात नेऊन सोडा. माझ्यापशी ती वाचायची न्हाई."

डॉक्टरबाईंनी बॅटरी मारून डोळे बघितले आणि नाव लिहून घेतलं. थेंब घालायला मी पुढं झाले तेव्हा तान्हाबाईनं मान वळवली.

"इथं आनखी कुणीतरी हाय. श्वास ऐकू यायलाय."

"आमची गया आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"मुकी हाय का?"

"नाही हो. लाजते."

"मग मला मुकीच," तान्हाबाई म्हणाली. "मला बाई, जी बोलत न्हाई ती हायच न्हाई."

चिमी हसली आणि वाळे वाजले. मी थेंब घातले आणि "मान वर" सुद्धा म्हटलं नाही.

सेलूला येताना गाडी थोडी कुरकुरली होती. दांडी खाली ओढल्यावर लगेच न हलता ती एक, दोन, तीन मोजण्याइतकी थांबायची आणि मग झटक्यानं निघायची. चालताना पिठाच्या गिरणीचा पट्टा घसरल्यासारखा बारीक आवाज यायचा. इस्माईलभाई म्हणाले, "मेमसाब नखरे करायलीय. थंडी हाय ना."

संध्याकाळी डॉक्टरबाई वॉर्डाची तयारी करायला रेल्वेनं पुढं गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "उद्या बंद आहे म्हणतात, एष्ट्या मिळायच्या नाहीत. गया, माणसं सहाच्या आत आण."

पाथरीच्या पुढं, बुधवार

बंद मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा होता. सेलूच्या भिंतींवर दोन्ही बाजूंचं लिहिलेलं होतं, काही पुसलेलं, काही पुसून त्याच्यावर परत लिहिलेलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आम्ही खेड्याखेड्यांतून सात माणसं घेतली. तान्हाबाई चिमीला घेऊन फाट्यावर पहाटेपासून बसली होती. उसाला गेलेल्यांच्या घरांना कुलपं होती आणि कुलपावर बाभळीच्या फांद्या लावल्या होत्या. आमच्याकडं चुडाव्याला घर उघडं टाकून कुणी गावाला गेलं तर शेजारी दिवा लावतात. इथं शेजारीही गेलेले असतात.

पाथरीच्या अलीकडं निळे झेंडे घेतलेल्या पोरांनी गाडी अडवली. एकानं आत डोकावून पाहिलं. सात म्हातारी माणसं, सगळी आवाजाच्या दिशेनं माना वळवून बसलेली. "डोळ्याची गाडी हाय रे, सोडा," तो म्हणाला आणि त्यांनीच आडवे टाकलेले दगड बाजूला केले.

पाथरी मागं पडली आणि कालव्याचा भराव दिसायला लागला, तोच गाडीचं इंजन एकदम ओरडलं. पण गाडी पुढं जाईना. इस्माईलभाईंनी पाय दाबला की इंजन आणखी ओरडायचं आणि गाडी तिथंच. त्यांनी बंद केलं, थोडं थांबले, चालू केलं. शेताच्या एका धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, दुसऱ्या धुऱ्यापर्यंत गेली आणि परत तेच. असं चार वेळा झालं. ऊन डोक्यावर आलं होतं.

इस्माईलभाईंनी इंजन बंद केलं, बॉनेट उघडलं, गियरची काडी ओढली. "तेल तर फुल्ल हाय," ते म्हणाले. काडी त्यांनी अर्धवटच खुपसली आणि रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले. "गियर बसलं. खतम. ह्या गियरला हात लावील असा माणूस परभणीत न्हाई."

पुढं बसलेले मारोतीआबा, ज्यांचं एक रान कालव्यात गेलं होतं, ते नुसते हं म्हणाले. तान्हाबाईनं विचारलं, "सहा वाजायला किती येळ हाय?"

शेवटचा उपाय म्हणून इस्माईलभाईंनी परत इंजन चालू केलं आणि आत बसून दांडी वरखाली करू लागले. मला म्हणाले, "गयाबाई, पाण्याचा पाइप गळायलाय का बघा." मी बॉनेटपाशी गेले. पाइपातून पाणी गळत नव्हतं. ती काडी मात्र अर्धी वर राहिली होती. नीट बसवावी म्हणून मी ती काढली आणि पदरानं पुसून परत खाली घातली. खालपर्यंत गेली का बघायला परत ओढली.

काडी कोरडी होती. फक्त टोकाला एक थेंब.

तेवढ्यात इस्माईलभाईंनी इंजन बंद केलं. मी जराशानं पुन्हा काडी घातली आणि काढली. आता खुणेपर्यंत तेल होतं.

मी तिथंच उभी राहिले. मला आमच्या वडिलांची विहीर आठवली. तिच्या मोटारीचा खालचा फुटवाल, पाइपातलं पाणी अडवणारी झडप, खराब होता. मोटार चालू असली की पाणी पाइपात आणि पाटात असायचं, विहीर खाली गेलेली दिसायची. मोटार बंद केली की पाइपातलं सगळं पाणी धडधडत विहिरीत परत यायचं. वडील म्हणायचे, विहिरीत पाणी किती ते मोटार चालू असताना बघावं, बंद असताना विहीर खोटं बोलते. आणि त्या टोकाच्या थेंबाचा रंग लाल होता. कुंकू पाण्यात कालवल्यावर होतं तसा. तो मी पंधरा दिवस राखेखाली दाबत आले होते.

इस्माईलभाईंना मी हे दाखवणारच होते, पण हातानं दाखवून कळण्यासारखं ते नव्हतं.

"इस्माईलभाई," मी म्हटलं, "इंजन चालू असताना काडी कोरडी असते."

त्यांनी वर बघितलं. मी विहिरीचं सांगितलं, अडखळत, पण सगळं सांगितलं. ते उठले, इंजन चालू केलं, आपल्या हातानं काडी ओढली. मग बंद करून ओढली. वीस वर्षांचा नेम मोडायला त्यांना तेवढा वेळ लागला.

"मतलब तेल कमी हाय," ते म्हणाले आणि मागून इंजनाच्या तेलाचा डबा काढला.

"ते नका ओतू. यातलं तेल लाल असतं."

"तुमाला काय मालूम लाल असतं?"

"काडीवर बघा. आणि दवाखान्यात गाडीखाली रोज पडलेलं असतं. पंधरा दिवस झाले. मी राख टाकून झाडते."

"आन बोलल्या न्हाई?"

"मला वाटलं, तुमी पान थुकता."

गाडीच्या आतून तान्हाबाई खदखदून हसली. इस्माईलभाई डबा हातात धरून उभेच राहिले. "तौबा, तौबा. दवाखान्याच्या अंगणात? माझ्या मेमसाबपशी? पंधरा दिवस तुमी मला असा माणूस समजल्या?"

"समजले," मी म्हटलं.

"आरं, ही तर बोलतीया की," तान्हाबाई आत कुणाला तरी म्हणाली.

लाल तेलाचे डबे गाडीबरोबर परदेशातून आले होते, ते कधीच संपले होते. इस्माईलभाईंनी परभणीत चौकशी केली होती, मिळालं नव्हतं. मग मारोतीआबा बोलले. "कालव्याच्या मशिनीत लाल तेल वतताना म्या बघितलंय. डोळे होते तवा. तितं भरावापल्याड त्यांचा तळ हाय."

बंदाच्या दिवशी गाडी आणि माणसं सोडून इस्माईलभाईंना जाता येत नव्हतं. म्हणून मी निघाले.

भरावावर एक पिवळी मोठी मशीन उभी होती, पुढं लोखंडी सूप लावलेली. तिच्या सावलीत एक माणूस भाकरी खात होता. मशिनीच्या दारावर खडूनं नामांतराची घोषणा लिहिलेली होती आणि आरशाला निळी फीत बांधली होती. वाटेत मी तीन वाक्यं पाठ केली होती. जवळ गेल्यावर त्यांतली दोन विसरले.

"काय हाय बाई? आज काम बंद हाय," तो म्हणाला.

"लाल तेल पाहिजे. गाडीत सात आंधळी माणसं हायत."

त्यानं भाकरी खाली ठेवली. त्याचं नाव किसन, मशीनवरचा ऑपरेटर. बाकीचे सगळे परभणीच्या मोर्चाला गेले होते, मशिनींवर राखण म्हणून तो एकटा मागं राहिला होता. मी गाडीचं सांगितल्यावर त्यानं पहिलं विचारलं, "काडी कशी बघितली? इंजन चालू ठेवून का बंद करून?"

"दोन्ही. चालू असताना कोरडी, बंद केल्यावर भरलेली."

"आमच्या लोडरचंबी तसंच. नवीन पोरं हमेशा फसत्यात. तुमाला कुणी शिकवलं?"

"विहिरीनं."

त्याला ते कळलं नाही, पण त्यानं जास्त विचारलं नाही. एक डबा, नरसाळं, पाना, पक्कड आणि पाण्याचं मडकं सायकलला लावलं आणि माझ्याबरोबर चालत आला.

गाडीपाशी आल्यावर किसननं काडीचं तेल बोटावर घेऊन वास घेतला. "जळालं न्हाई अजून. जळालं की करपलेल्या फोडणीसारखा वास येतो आन रंग काळा पडतो. नशीब हाय तुमचं." मग तो गाडीखाली गेला. गियरचं तेल थंड व्हायला एका बारक्या पाइपातून पुढच्या जाळीत जातं आणि परत येतं. त्या पाइपाची पट्टी ढिली झाली होती. चालताना तिथून तेल उडायचं आणि उभी असताना ठिबकायचं. त्यानं पट्टी पक्कडीनं आवळली आणि वरून तार गुंडाळली.

तेवढ्यात मारोतीआबांना तहान लागली. आमचं पाणी केव्हाच संपलं होतं. किसननं मडक्यातून तांब्या भरून पुढं केला. आबांना दिसत नव्हतं, पण किसनचं बोलणं ऐकून आणि मघाशी मी इस्माईलभाईंना मशिनीवरची घोषणा सांगितली ती ऐकून त्यांना कळायचं ते कळलं होतं. त्यांचा हात पुढं येईना. किसनही तांब्या मागं घेईना.

"हिकडं दे बाबा," तान्हाबाई म्हणाली. तिनं तांब्या चाचपून घेतला आणि अर्धा रिकामा केला, मग चिमीला पाजला. "आबा, आपल्याला डोळं न्हाईत. मडकं कुणाचं ते बघायची सोय न्हाई. डोळं आल्यावर काय बघायचं ते बघा."

आबांनी हात पुढं केला. मग म्हणाले, "आन इकडं." उरलेलं पाणी ते प्याले.

आता तेल घालायचं तर ते काडीच्याच नळीतून घालावं लागतं, आणि ती नळी करंगळीएवढी. किसनचं नरसाळं नळीच्या तोंडात बसेना. मी मागच्या पेटीतून एनिम्याचं भांडं काढलं. पांढरं, तळाला रबरी नळी असलेलं. नळी कोरी होती, आज संध्याकाळीच पहिल्यांदा लागणार होती. ती बरोबर बसली. मी भांडं उंच धरलं आणि किसननं तेल ओतलं.

"काय करायलेत?" तान्हाबाईनं विचारलं.

"मेमसाबला एनिमा द्यायलेत," इस्माईलभाई म्हणाले. सगळी गाडी हसली. आबासुद्धा.

इस्माईलभाई अख्खा डबा घाला म्हणत होते. किसननं हात धरला. "जास्ती झालं तरी वाटूळं. फेस येतो आन फेसानं गाडी वढत न्हाई. थोडं घाला, गाडी भरावावर समान जागी घ्या, मग बघू." गाडी हलली. भरावावरच्या सडकेवर जाईपर्यंत गरम झाली. तिथं किसननं पद्धत सांगितली आणि मी ती मनात घोकली. ब्रेकवर पाय ठेवून दांडी तिच्याजवळ लिहिलेल्या एकेका इंग्रजी अक्षरावर सावकाश न्यायची, प्रत्येक ठिकाणी जरा थांबायचं, परत गाडी उभी ठेवायच्या अक्षरावर आणायची, आणि इंजन चालूच ठेवून काडी बघायची. काडी पुसायला कापसाचा बोळा घ्यायचा नाही, त्याचा तंतू आत जातो. जुन्या लुगड्याचं धुतलेलं फडकं घ्यायचं. दोनदा थोडं थोडं घातल्यावर तेल दोन खुणांच्या मधे आलं.

इस्माईलभाई डब्याकडं बघत म्हणाले, "हे सरकारी तेल. तुमाला कुणी बोललं तर?"

"बोलले तर सांगीन, बाईनं मागितलं," किसन म्हणाला. "पर रिकामा डबा भरून आणा."

परभणी

दिवेलागण झाली तेव्हा आम्ही दवाखान्यात शिरलो. सहा वाजून गेले होते. डॉक्टरबाई फाटकातच उभ्या होत्या. त्या काही बोलायच्या आत मी म्हटलं, "गाडी बंद पडली होती. सात जण आणलेत. एनिम्याच्या भांड्यात तेल आहे, ते उकळून घ्यावं लागेल." त्यांनी आधी भांड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "दुसरं भांडं कपाटात आहे," त्या म्हणाल्या. "चल, आधी थेंब घाल." सातही नावं त्यांनी आपल्या हातानं यादीत घातली.

ऑपरेशनं गुरुवारी झाली. तान्हाबाई डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून हलायचं नाही म्हणून पडून होती. चिमी तेवढे दिवस माझ्यापाशी झोपायची. मी झाडत असले की ती मागंमागं यायची आणि मला न बघताही कळायचं ती कुठं आहे.

पट्टी सोडायच्या दिवशी डॉक्टरबाईंनी तान्हाबाईला जाड भिंगाचा चष्मा लावला. तिनं आधी आपली बोटं बघितली, भाजलेली. मग चिमीला बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडं वळली.

"तू गया?"

"हो."

"आवाज ऐकून म्हातारी वाटली होतीस. पोरगीच हायस की."

तिनं चिमीला मांडीवर घेतलं आणि तिच्या पायातले वाळे सोडले. चिमी रडायला लागली, वाजायचं थांबलं म्हणून. तान्हाबाईनं ते माझ्या हातात दिले. "हे तुला. हिला आता म्या बघीन. तू कुठं हाय ते मातर कुणालाच कळत न्हाई."

किसनचा डबा इस्माईलभाईंनी भरून दिला. लाल तेल कुठून आणायचं, ते त्याच्याच तळावर कळलं होतं. पाइपाची पट्टी नवी बसवली. गाडीखाली आता डाग पडत नाही, पण मी रोज वाकून बघते.

वाळ्यातलं एक घुंगरू मी काढलं आणि गियरच्या काडीच्या कडीला तारेनं घट्ट बांधलं, म्हणजे दोन काड्यांत घोटाळा होणार नाही. इस्माईलभाईंनी तार ओढून बघितली, पंख्यात जाईल म्हणून. जात नाही. बाकीचे वाळे माझ्या पेटीत आहेत. रुक्मिणला दाखवीन.

आता गाडी बाहेर निघायच्या दिवशी इस्माईलभाई आधी फेरी मारून ती गरम करून आणतात, अंगणातल्या फरशीवर समान उभी करतात आणि ब्रेकवर पाय ठेवून दांडी एकेका अक्षरावरून फिरवतात. बॉनेटपाशी मी असते. काडी ओढली की घुंगरू वाजतं आणि ते आतून विचारतात, "गयाबाई, किती हाय?" त्यांना माझा हात दिसत नाही, मधे बॉनेट असतं. इंजन चालू असतं. त्यामुळं मला ओरडूनच सांगावं लागतं. वॉर्डातल्या शेवटच्या खाटेपर्यंत ते ऐकू जातं, असं डॉक्टरबाई म्हणतात.